घरच्या कटिंग मशीनवर स्क्रॅपबुकसाठी मराठी शीर्षके कापताना अक्षरे सुटी का होतात आणि पावसाळ्यात कागद का फाटतो?

आपले दोन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला सॉफ्टवेअरचा आहे आणि दुसरा आपल्या रत्नागिरीच्या हवेचा.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि पडद्यावर ते तुकडे सलग दिसले, तरी मशीन प्रत्येकाची कड स्वतंत्रपणे कापते. त्यामुळे इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून तो आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने आकृतीत बदलावा, मग ‘युनियन’ आज्ञेने सर्व अक्षरे एकजीव करावीत आणि फाइल एसव्हीजी स्वरूपात साठवावी. ‘वेंगुर्ले’सारख्या शब्दातला अनुस्वार मात्र यानंतरही सुटाच राहतो. तो किंचित खाली ओढून मात्रेला टेकवावा आणि मगच युनियन करावे, नाहीतर तो टिंब चिमट्याने चिकटवताना जीव मेटाकुटीला येतो. बारीक वळणांचे फॉन्ट टाळलेलेच बरे.

जून ते सप्टेंबरमध्ये दमट हवेने कागद ओलावा धरतो, त्याचे तंतू मऊ पडतात आणि पाते ते कापण्याऐवजी ओढत नेते. कार्डशीट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे (आमच्याकडे त्यासाठी पापडाचा डबा कामी आला आहे) आणि लागेल तेवढेच बाहेर काढावे. पूर्ण १२ बाय १२ इंची पान लावण्यापूर्वी कोपऱ्यात लहान चौकोन कापून पाहावा. कड लवदार आली, तर दाब वाढवण्याआधी पात्याच्या टोकाला अडकलेला कागदाचा भुसा काढावा.