वाचक विचारतात: खोल समुद्राच्या गाळातले प्राणी

प्रश्न: पाच हजार मीटर खोलीवरच्या चिखलात प्राण्यांच्या शेकडो जाती राहतात, असं वाचलं. प्रकाश नाही, वनस्पती नाहीत, मग हे खरं मानावं का? – माध्यमिक शिक्षक, सांगली

उत्तर: खरं आहे. 1843 मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्ज यांनी साधारण 550 मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी असं मांडलं होतं, पण ते टिकलं नाही. 1960 च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर या संशोधकांनी तळावरून ओढायची बारीक विणीची घसर-जाळी वापरली, तेव्हा खोल गाळातली विविधता दिसू लागली. पुढे अमेरिकेच्या न्यू जर्सी-डेलावेअर किनाऱ्यासमोर 1,500 ते 2,500 मीटर खोलीवर घेतलेल्या 233 नमुन्यांत ग्रासल आणि मॅसिओलेक या संशोधकांना 798 जाती मिळाल्या (1992). सगळ्या नमुन्यांचं क्षेत्रफळ मिळून जेमतेम 21 चौरस मीटर होतं!

अन्न वरूनच येतं: मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), विष्ठेच्या गोळ्या, त्यांना चिकटलेले जीवाणू. पृष्ठभागावर तयार झालेल्या अन्नातला अगदी थोडा वाटा तळापर्यंत पोहोचतो. त्यामुळे खोली वाढते तसे प्राणी संख्येने कमी आणि आकाराने लहान होत जातात. जाती मात्र त्या प्रमाणात घटत नाहीत.

असा कोणताही आकडा वाचताना चाळणी कितीची होती, हे आधी पाहा. वरच्या 798 जाती 0.3 मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेल्या प्राण्यांच्या आहेत. त्याहून बारीक प्राणी, म्हणजे मायोफॉना, पकडायला 32 मायक्रॉनची चाळणी लागते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या बारीक गटात बहुपेशीय प्राण्यांपैकी बहुधा 80 टक्क्यांहून जास्त सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक कृमी, नेमाटोड) असतात. त्यांच्यामागे हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले सूक्ष्म प्राणी), आणि मग किनोरिंक, टार्डिग्रेड, लोरिसिफेरा अशा इतर सूक्ष्म गटांतले थोडे थोडे. लोरिसिफेरा हा अख्खा संघच विज्ञानाला 1983 मध्ये कळला. शेतीतल्या सूत्रकृमींमुळे हे नाव ऐकलं की आपल्याला कीडच आठवते. गाळातले बहुतेक सूत्रकृमी मात्र मुक्तजीवी असून जीवाणू, एकपेशीय जीव किंवा दुसरे सूत्रकृमी खातात.

प्रश्न: मी एम.एस्सी. प्राणिशास्त्र करते आहे. खाडीच्या चिखलातल्या मायोफॉनावर प्रकल्प करायचा आहे. खोल समुद्रातली पद्धत इथे चालेल का? काय चुकतं? – विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर: चालेल, फरक फक्त नमुना उचलण्यात आहे. जहाजावर मल्टिकोरर, म्हणजे एका चौकटीत बसवलेल्या अनेक नळ्यांचं उपकरण, वापरतात. त्याची चौकट तळावर टेकल्यावर नळ्या हळूहळू गाळात उतरतात. पेटीसारखा बॉक्स कोरर खाली येताना पाण्याचा लोट पुढे ढकलतो आणि वरचा मऊ थर उडतो. बारीक प्राणी तर त्याच थरात जास्त असतात. म्हणून नळीत गाळावरचं पाणी नितळ दिसलं तरच तो नमुना चांगला.

तुम्ही ओहोटीला सुईकडचं टोक कापलेली मोठी सिरिंज वापरा. दट्ट्या गाळाच्या पातळीवर स्थिर धरा आणि नळी 5 सेंटिमीटर खाली दाबा. गाळ दबला, तर थरांची मापं चुकतात. आतला व्यास मोजून ठेवा, कारण संख्या दर 10 चौरस सेंटिमीटरला सांगतात. व्यास 3 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 7.07 चौरस सेंटिमीटर, त्यात 140 प्राणी मिळाले तर दर 10 चौरस सेंटिमीटरला 198. एकेक सेंटिमीटरचे थर लगेच कापा. वेळ गेला, ऊन लागलं की प्राणी जागा बदलतात. एकाच हातभर जागेतले तीन नमुने म्हणजे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. हीच चूक जहाजावरही होते, मल्टिकोररच्या एकाच खेपेतल्या नळ्या वेगवेगळ्या धरल्या की.

जतन करताना एक भाग बाजारी फॉर्मॅलिन आणि नऊ भाग गाळलेलं समुद्रपाणी घ्या, त्यात थोडा टाकणखार घाला. तो विसरलात तर द्रावण आम्लधर्मी होऊन ऑस्ट्राकॉड आणि फोरॅमिनिफेरांची चुन्याची कवचं विरघळतात. गाळाच्या निदान तिप्पट द्रावण ओता आणि बाटली अलगद उलटीपालटी करा, नाहीतर मधला गाळ तसाच राहून कुजतो. हातमोजे आणि खेळती हवा हवीच. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे. रंगासाठी लिटरला अर्धा ग्रॅम रोझ बेंगाल घालून निदान एक दिवस ठेवा. नुकतेच मेलेले प्राणीही गुलाबी होतात, म्हणून गुलाबी म्हणजे नमुना घेताना जिवंतच होता, असं लिहू नका.

वर 500 आणि खाली 32 मायक्रॉनची चाळणी ठेवून गाळ मंद धारेने धुवा. जोराची धार मऊ शरीराचे सूत्रकृमी जाळीतून ढकलते. खालच्या चाळणीतला ऐवज 1.18 घनतेच्या लुडॉक्समध्ये (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं जड द्रावण, त्यात प्राणी तरंगतात) ढवळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं द्रावण 32 मायक्रॉनवर गाळून घ्या, असं तीनदा. नमुना आधी गोड्या पाण्याने नीट धुवा: मीठ राहिलं तर लुडॉक्सची जेली होते आणि सगळा नमुना अडकतो. चाळणीही लगेच धुवा, वाळलेलं लुडॉक्स जाळी बुजवतं. जड कवचाचे प्राणी तरंगत नाहीत, म्हणून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी पाहा.

सगळे सूत्रकृमी ओळखणं शक्य नसतं. निवड न करता 100 उचला. मोठे, ठळक तेवढे उचलले तर यादी खोटी पडते. अल्कोहोल-पाणी-ग्लिसरीनमधून हळूहळू शुद्ध ग्लिसरीनमध्ये आणा; घाई केली की शरीर आक्रसतं. मग तोंडाची पोकळी, डोक्याजवळचा ॲम्फिड (संवेदनेचं इंद्रिय) आणि शेपटी पाहा. पहिल्या वर्षी जातीपर्यंत नाही, नुसतं प्रजातीपर्यंत (जीनस) पोहोचलात तरी काम भक्कम होतं.

प्रश्न: मध्य हिंदी महासागराच्या तळावरचे धातूंचे गोळे काढायचं ठरतं आहे. तिथले प्राणी पुन्हा येतील का? – अभियंता, ठाणे

उत्तर: लवकर नाही. 1981 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'गवेषणी' जहाजावरून असे गोळे वर आणले, आणि आज भारताकडे मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. 1997 मध्ये याच खोऱ्यात मुद्दाम तळ ढवळून परिणाम तपासले गेले. प्रशांत महासागरातले पुरावे जास्त जुने आहेत. पेरू देशासमोरच्या समुद्री खोऱ्यात 1989 मध्ये ओढलेल्या नांगराच्या रेषा 2015 मध्येही स्पष्ट होत्या. क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात 1978 मध्ये गोळे खरवडलेल्या वाटेवर 26 वर्षांनी पाहिलं, तर सूत्रकृमींची घनता आणि विविधता शेजारच्या गाळापेक्षा कमीच होती. गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. त्यालाच चिकटून जगणाऱ्यांना तर घरच उरत नाही. खाणकामाआधी पक्के नमुने आणि पूर्णपणे वगळलेली क्षेत्रं हवीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यांचा डीएनए तपासता येतो का? – वाचक, पणजी

उत्तर: भरवशाने नाही, त्यात डीएनए तुटतो. गाळाचा वेगळा भाग पहिल्याच दिवशी 96 टक्के इथेनॉलमध्ये घालून उणे 20 अंशांवर ठेवा. ओला गाळ इथेनॉल पातळ करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला.