चाचेगिरी, चोरी की चोरटी प्रत?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंचा प्रश्न आलाय. नववीच्या मुलांच्या वादविवाद स्पर्धेला 'डिजिटल पायरसी' हा विषय आहे. तो फळ्यावर मराठीत लिहायचा, तर 'चाचेगिरी' लिहावं की 'चोरी'? 'चाचेगिरी' लिहिलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, चाचा म्हणजे काका ना?" दुसरी शंका अशी, की कॉपीराइटला 'स्वामित्वहक्क' म्हणायचं की 'प्रताधिकार'?

बाई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. विषय 'चोरट्या प्रती' असा लिहा, आणि कॉपीराइटला 'प्रताधिकार' म्हणा.

'चाचेगिरी' शब्द खोटा नाही, जुनाच आहे. पण तो समुद्रावरचा आहे. जहाज अडवणारा, माल लुटणारा तो चाचा. दुसऱ्याचं पुस्तक न विचारता छापणाऱ्याला 'पायरेट' म्हणायची रीत इंग्रजीत सतराव्या शतकापासून सापडते. समुद्री लुटारूंच्या बातम्या तेव्हा तिथं रोजच्या होत्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते रूपक चटकन भिडत असणार. आपण शब्दकोशातून समोरासमोर शब्द उचलला. रूपकाच्या मागचा समुद्र मात्र आला नाही. बेळगाव-खानापूरच्या पोरानं चाचा बघायचा कुठे? कन्नडमध्येही समुद्री लुटारूला 'कडल्गळ्ळ', म्हणजे समुद्रचोर, असा छान शब्द आहे, पण सिनेमाच्या बातमीत कन्नड पेपर 'पैरसी'च छापतात.

मला 'चाचा' नको वाटतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कान्होजी आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानं त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, नाहीतर जहाज धरलं जाईल, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीजही स्वतःचे परवाने असेच सक्तीनं देत असत. तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजी 'पायरेट' ठरले, आणि १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर केलेला हल्ला चाच्यांवरची मोहीम म्हणून मांडला गेला. म्हणजे परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ वाद होता. 'पायरेट' म्हटलं की तो वाद न घालताच निकाल लागत असे. प्रताधिकाराच्या वादातही नेमकं हेच होतं, म्हणून वादविवादाच्या विषयात तरी हा शब्द नसावा.

आता 'चोरी'. भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या होती. आता ती भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे हलवणं, असा तिचा गाभा. बोलीतही 'चोरी झाली' म्हणजे वस्तू गेली. प्रत काढल्यानं मूळ वस्तू जागची हलत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली डाउलिंग खटल्यात हाच फरक केला. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा तबकड्यांचं प्रकरण होतं. त्यात प्रताधिकाराचा भंग झाला, पण चोरीच्या मालाची वाहतूक करण्याविरुद्धचा कायदा त्या तबकड्यांना लागू होत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं ५१ वं कलमही हक्काच्या भंगाबद्दलच बोलतं.

पण म्हणून कोणाचं काही जात नाही असं मुलांच्या मनात राहू देऊ नका, ही कळकळीची विनंती. माझ्या ओळखीतल्या एका लेखकानं पदरमोड करून पुस्तक छापलं. आपल्या सीमाभागात मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक भेटतं ते मुख्यतः कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांच्या साहित्य संमेलनांत. मंडपाबाहेर टेबल मांडायचं, दिवसभर उभं राहायचं. एका वर्षी लोक टेबलाशी येऊन प्रेमानं सांगू लागले, "सर, वाचलं हं तुमचं पुस्तक, फार आवडलं. ग्रुपवर पीडीएफ आली होती की." एकाच्याही मनात पाप नव्हतं. संध्याकाळी गठ्ठा मात्र तसाच परत गेला. या नुकसानीला 'चोरी' शब्द बसत नाही, आणि 'शेअर केलं' या शब्दात तर ती दिसतही नाही.

इथे 'चोरटा' कामाला येतो. नाम म्हणून 'चोरटा' म्हणजे चोरच, 'चोरट्यांनी दागिने लांबवले' ही बातमी आपण नेहमी वाचतो. विशेषण झालं की मात्र त्याचा रोख बदलतो. चोरटी नजर, चोरटी धाव, चोरटी वाहतूक. नजर कोणाची चोरलेली नसते, धावही नसते. कोणाच्या लक्षात येऊ न देता केलेली, एवढाच अर्थ. तीच गोष्ट समासांची: चोरवाट, चोरखिसा, चोरकप्पा, चोरपावलं. चोरखिशातले पैसे स्वतःच्याच घामाचे असतात. 'चोर' पुढे लागला की मराठी वस्तूच्या मालकीपेक्षा तिच्या लपलेपणाकडे बोट दाखवते. आणि आपल्याकडे तर हा शब्द शिकवावाही लागत नाही. 'गोवा बनावटीच्या दारूची चोरटी वाहतूक' हे शब्द बेळगावातल्या कुठल्याही वाचकाच्या ओळखीचे आहेत. ती दारू बहुतेक वेळा खरीच असते, कारखान्यातली, रीतसर विकत घेतलेली. गुन्हा असतो तो कर आणि परवाना चुकवून ती हद्दीपार आणण्यात. चोरट्या प्रतीचंही तसंच. गाणं खरं, सिनेमा खरा, पुस्तक खरं. ज्याची परवानगी घ्यायची त्याला चुकवून ते आलंय. एवढं नेमकं वर्णन ना 'पायरसी'त आहे, ना 'चाचेगिरी'त.

'बनावट' आणि 'डुप्लिकेट' हे शब्द इथे नकोत. बनावट म्हणजे जे नाही ते असल्याचं भासवणं. 'नक्कल' चालली असती, पण ती आपल्याकडे कचेरीत अडकलीय. उताऱ्याची खरी नक्कल मिळवायला माणूस हेलपाटे घालतो, म्हणजे ती चांगलीच अधिकृत वस्तू झाली. शिवाय कन्नडमध्ये 'नकली' म्हणजे थेट खोटं; दोन्ही भाषा कानावर असलेल्या मुलांचा घोळ होईल.

लोक स्वतः काय म्हणतात, तेही नोंदवायला हवं. कॅसेटच्या काळात बेळगावात आम्ही वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायचो आणि दोन दिवसांनी कॅसेट 'भरून' आणायचो. पुढे मेमरी कार्ड आलं, तरी क्रियापद तेच राहिलं: "कार्ड भरून द्या की." खानापूर बाजूला "गाणी घाल की" असंही ऐकलंय, कन्नडच्या 'हाकु'ची सावली पडलेलं हे 'घालणं' आपल्याकडे कुलपापासून सगळीकडे आहे. भरणं ही घागरीची, कणगीची, ओटीची क्रिया. इतक्या घरगुती क्रियापदात कोणाचा हक्क बुडतोय हे मनातही येत नाही. मी स्वतः कित्येक कॅसेटी भरून घेतल्या आणि गाणाऱ्याचा विचार एकदाही केला नाही. मुलांना वादविवादात हा मुद्दा जरूर द्या: एका बाजूचे शब्द आधीच फाशी देतात, दुसऱ्या बाजूचे आधीच निर्दोष सोडतात. २०११ साली अमेरिकेत इंटरनेटवरच्या पायरसीविरुद्ध विधेयकं आली, तेव्हा एक पक्ष 'चोरी' म्हणत होता आणि दुसरा 'सेन्सॉरशिप'. १८ जानेवारी २०१२ ला निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद होता.

ओघात आलं म्हणून सांगतो, इंटरनेटच्या 'रेग्युलेशन'ला 'नियमन' म्हणावं, 'नियंत्रण' नव्हे. नियम घालून देणं वेगळं आणि लगाम हातात घेणं वेगळं. या दोहोंतला फरक हाच तिथला खरा वाद असतो.

राहिला कॉपीराइट. 'स्वामित्वहक्क' चूक नाही, पण तो फार रुंद आहे. त्याचा भाऊ 'स्वामित्वधन' तर वाळू-खडीच्या रॉयल्टीलाही लागतो. 'प्रताधिकार' मात्र आपला अर्थ स्वतःच सांगतो: प्रती काढण्याचा अधिकार. त्यातून 'प्रताधिकारमुक्त' हा गरजेचा शब्दही सहज निघतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं प्रताधिकार टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. त्याची पीडीएफ मुलांना खुशाल द्या, ती चोरटी नाही. आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०६० च्या अखेरपर्यंत हक्क आहे. आणि वर्गात शिकवण्यासाठी एखाद्या पाठाच्या झेरॉक्स काढायला घाबरू नका. अध्यापनासाठीच्या प्रतींना ५२ व्या कलमात सूट आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ साली रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात विद्यापीठातल्या अभ्याससंचांच्या, म्हणजे पुस्तकांतले भाग झेरॉक्स करून बांधलेल्या संचांच्या, बाबतीत ती चांगलीच उदारपणे वाचली.

क्रियापदांचं तेवढं बघा. 'पायरसी करणे' यात सगळे एका माळेत ओवले जातात. मराठीत त्यांना सुटं करता येतं: चोरटी प्रत काढणारा एक, फिरवणारा दुसरा, विकणारा तिसरा, बघणारा चौथा. स्पर्धेचा विषय 'चोरट्या प्रती बघणाराही दोषी आहे' असा ठेवलात, तर दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर मिळेल. आणि बाई, एक काम कराल का? दादानं फोनवर नवा सिनेमा आणला की तुमच्या वर्गातली मुलं तो 'काढला' म्हणतात, 'घातला' म्हणतात की आणखी काही, ते ऐकून मला कळवा. मला माझ्या वहीत लिहून ठेवायचंय.