गणित कच्चे आहे म्हणून रसायनशास्त्र सोडू का?

"मॅडम, माझे गणित कच्चे आहे. मोलॅरिटीचे उदाहरण समोर आले की हातच थांबतो. विषय बदलून घेऊ का?" विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत हे विचारले. (मोलॅरिटी हे द्रावणाच्या संहतीचे, म्हणजे तीव्रतेचे, माप : एका लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल आहेत ते; आणि मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक.) दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येते, म्हणून हा अनुभव, तिची ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

गणित कच्चे असल्याच्या तक्रारीवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. तिला चाचणीची उत्तरपत्रिका आणायला सांगितली आणि दुसऱ्या भेटीत आम्ही ती ओळीओळीने वाचली. गुणाकार-भागाकाराची एकही चूक तीत नव्हती; ज्या चुका होत्या त्या आकडेमोड सुरू होण्याच्या आधीच घडलेल्या होत्या. एक उदाहरण असे होते : 0.5 मोलॅरिटीच्या 200 मिलिलिटर मिठाच्या द्रावणात पाणी घालून एकूण आकारमान 500 मिलिलिटर केले, तर नवी संहती किती? तिने 200 मध्ये 500 मिळवले, 700 ने भागले आणि 0.143 हे उत्तर अगदी नीट काढले. प्रश्नात 'एकूण 500' असे होते आणि तिने 'आणखी 500' असे वाचले होते. वाचताना मनात काय चालले होते, असे विचारल्यावर ती म्हणाली, "कोणते सूत्र लावायचे, एवढेच."

मी तिला पेन खाली ठेवायला सांगितले. "पाणी घातल्यावर भांड्यातल्या मिठाचे काय झाले?" "काहीच नाही, तेवढेच आहे." "मग बदलले काय?" थोडे थांबून ती म्हणाली, "ते जास्त जागेत पसरले." विरल करण्याच्या सूत्रात यापेक्षा वेगळे काहीही नाही. 0.5 मोलॅरिटी म्हणजे एका लिटर द्रावणात अर्धा मोल मीठ, म्हणून 0.2 लिटरमध्ये 0.1 मोल, तेच 0.1 मोल आता अर्ध्या लिटरमध्ये आहे, म्हणून 0.2 मोलॅरिटी. हे तिने तोंडी सांगितले आणि स्वतःच चकित झाली. (चकित होण्यासारखे त्यात काही नव्हते, पण ते मी बोलले नाही.)

दुसरा गोंधळ जुना होता आणि तो पुष्कळांचा असतो. 58.44 ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल; ते एक लिटर पाण्यात टाकले की 1 मोलॅरिटीचे द्रावण झाले, असे ती धरून चालली होती. प्रयोगशाळेत मानेवर खूण असलेल्या फ्लास्कमध्ये आधी थोड्या पाण्यात पदार्थ विरघळवून मग खुणेपर्यंत पाणी भरतात, हे तिने स्वतः अनेकदा केले होते. पण मोलॅरिटीत भागायचे असते ते द्रावणाच्या आकारमानाने, पाण्याच्या नव्हे, म्हणूनच ती खूण असते, हे तिच्या लक्षात आले नव्हते. 50 मिलिलिटर पाण्यात 50 मिलिलिटर इथेनॉल मिसळले तर मिश्रण 100 न भरता सुमारे 96 भरते, हे सांगितल्यावर तिने ते वहीच्या समासात लिहून घेतले. मोलॅलिटी या दुसऱ्या मापात द्रावणाच्या लिटरऐवजी द्रावकाचे (ज्यात पदार्थ विरघळतो त्याचे, येथे पाण्याचे) किलोग्रॅम घेतात आणि आकारमानासारखे वस्तुमान तापमानाने बदलत नाही, त्यामुळे मोलॅलिटीही बदलत नाही, हे त्यानंतर वेगळे समजावावे लागले नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर. लेबलवर वस्तुमानाने 37 टक्के, घनता 1.18 (एका मिलिलिटरचे ग्रॅम) असे असते, आणि घनता हा विद्यार्थ्याला चकवण्यासाठी टाकलेला आकडा आहे असे तिला वाटे. टक्केवारी वजनाची भाषा बोलते आणि मोलॅरिटी आकारमानाची, त्या दोघींमधील दुभाषी म्हणजे घनता, असे मी म्हटले तेव्हा ती प्रथमच मोकळेपणाने हसली. एक लिटर द्रावणाचे वजन 1180 ग्रॅम, त्याचे 37 टक्के म्हणजे 436.6 ग्रॅम आम्ल, त्याला 36.46 ने (या आम्लाच्या एका मोलच्या ग्रॅमनी) भागले की जवळपास 12 मोल. मग 250 मिलिलिटर 1 मोलॅरिटीचे द्रावण करायला सुमारे 20.8 मिलिलिटर पुरते, आणि तेही पाण्यात आम्ल घालून, आम्लात पाणी घालून कधीच नाही.

तिची भीती एवढ्याने पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. वेळ लावून सोडवताना हात अजूनही थांबत असे, म्हणून आम्ही ठरवले की पहिले वाक्य आकड्यांशिवाय लिहायचे : काय तेवढेच राहिले, काय बदलले, उत्तर कशाहून कमी किंवा जास्त असायला हवे. मिलिलिटरचे लिटर करायचे राहून गेले तर उत्तर हजारपटीने चुकते, आणि अंदाज आधी लिहिलेला असला की ती चूक डोळ्यांत खुपते.

चौथ्या भेटीत विषय बदलण्याची गोष्ट तिने काढलीच नाही. 1 मोलॅरिटीचे 100 मिलिलिटर आणि 0.2 मोलॅरिटीचे 300 मिलिलिटर मिठाचे द्रावण मिसळण्याचे उदाहरण ती घेऊन आली होती. वरच्या ओळीत लिहिले होते, "उत्तर दोन्हींच्या मध्ये, पण 0.2 च्या जवळ", आणि खाली 0.16 भागिले 0.4, म्हणजे 0.4. "पण मॅडम," ती म्हणाली, "100 आणि 300 मिळून 400 च धरायचे का? इथेनॉलचे तसे झाले नव्हते." मिठाच्या इतक्या विरल द्रावणांत फरक नगण्य असतो, म्हणून पुस्तके बेरीज धरतात, असे मी सांगितले. तिने तेही समासात लिहून घेतले.