वाचकांचे प्रश्न: ठासणीची बंदूक, फिनिशिंग घरी

प्रश्न: काका, मी ओहायोत असतो, दोन वर्षं क्लबमधल्या उसन्या ठासणीच्या बंदुकीने निशाणेबाजी करतोय. आता स्वतःची चकमकीची लाँगरायफल घ्यायचीय. पूर्ण तयार असलेली फार महाग, पण 'इन द व्हाइट' म्हणजे सगळी जोडलेली, नुसतं फिनिशिंग बाकी, अशी मिळतेय. लाकूडकाम मला फारसं येत नाही. घेऊ का? आणि दापोलीच्या मामांकडे जुनी लायसनची ठासणीची आहे, तिचा दस्तापण असाच करता येईल का?

उत्तर: घ्या, बिनधास्त घ्या! अवघड काम म्हणजे नळी दस्त्यात बसवणं आणि चाप-घोडा जुळवणं, ते झालेलं असतं, तुमच्या वाट्याला उरतो तो धीर. फक्त पैसे देण्याआधी आत गज टाकून नळी रिकामी आहे याची खात्री करा आणि चकमक लावून घोडा पाडून बघा, ठिणग्या भरपूर आणि थेट कानाजवळच्या, म्हणजे नळीला आग पोचवणाऱ्या भोकाजवळच्या, पात्रात पडल्या पाहिजेत, त्या नाही पडल्या तर वरचं पॉलिश कितीही सुंदर असो काय उपयोग.

दस्ता बहुतेक कर्ली मेपलचा, म्हणजे लहरदार रेषांच्या मेपल लाकडाचा असतो. आधी नळी, लॉक (चाप-घोड्याची यंत्रणा) सगळं काढून बाजूला, कारण पुढे अ‍ॅसिड येणारे. दस्ता पाण्याने ओला करा, सुकला की तंतू उभे राहतात, ते हलक्या हाताने घासा, असं दोन-तीनदा. मग अ‍ॅक्वा फोर्टिस, म्हणजे लोखंड विरघळवलेलं नायट्रिक अ‍ॅसिड, विकत तयार मिळतं तेच घ्या. ग्लव्ह्ज, चष्मा घालून उघड्यावरच लावा. लावल्यावर लाकूड हिरवट-पिवळं दिसतं आणि वाटतं झालं, वाट लागली, पण गरम हवा सोडणारी हीट गन फिरवली की बघता बघता लालसर तपकिरी होतं आणि वाघाच्या अंगासारखे पट्टे उठतात. मला अजून तो क्षण फार आवडतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, अ‍ॅसिड आत राहिलं तर रंग पुढे बिघडतो. एखाद्या मेपलच्याच तुकड्यावर आधी करून बघा, प्लीज.

शेवटी जवसाचं उकळलेलं तेल, पातळ पातळ हात. आणि हे नीट ऐका, तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

नळी तपकिरी करायची म्हणजे ती मुद्दाम सावकाश गंजवायची. मी पहिल्यांदा ती आरशासारखी घासली होती, गंज धरलाच नाही, डाग डाग आले, पुन्हा सगळं घासावं लागलं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबा, तेलाचा अंशही ठेवू नका, तोंड आणि कान बंद करा, मग गंज आणणारं द्रावण लावा. दमट हवेत गंज धरला की रखरखीत कापडाने घासून पुन्हा द्रावण लावायचं, काही दिवस हेच चालतं. हवा तसा रंग आला की सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावा.

अमेरिकेत १९६८च्या केंद्रीय कायद्यात अशा बंदुकीला फायरआर्म धरत नाहीत, पण राज्याचे नियम वेगळे असतात, ते बघून घ्या. मामांना मात्र स्वतः हात लावू देऊ नका, आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात ठासणीचीही येते, दुरुस्तीलाही परवाना असलेलाच माणूस लागतो. त्यांनी ती लायसनच्या कागदांसकट परवानाधारक दुकानात न्यावी.