फियाटचा तिसरा-चौथा सिलिंडर आणि जूनची लागवड

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. धुळ्याच्या मामेसासऱ्यांची १९६८ ची फियाट डिलाइट २,४०,००० ला मिळतेय. दोन वर्षं शेडमध्ये उभी होती, आता चालू होते. फिटरने चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं : १४०, १३५, ८०, ७५. हेडचं पॅकिंग (इंजिनच्या झाकणाखालचं गॅस्केट) जळलं असेल तर १०,००० खर्च म्हणतो, रिंगा-बोअर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत) झिजलेलं निघालं तर ७०,०००. एफडीत ५,००,००० आहेत, त्यातले ३,००,००० जूनच्या लागवडीचे. लग्नसराईत गाडी भाड्याने देऊन पैसे वसूल करू म्हणतो. घेऊ का?

भाऊ, भाड्याचं आधी डोक्यातून काढा. खासगी पासिंगची गाडी भाड्याने देता येत नाही. ५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची सोय आहे, १० वर्षांची फी २०,०००. पण त्यात धंदा नाहीच, रोजच्या फिरण्यालाही मनाई. म्हणजे उरली ती हौस. हौसेला माझी ना नाही, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका. हेच २,४०,००० सात टक्क्यांनी पाच वर्षं राहिले तर साधारण ३,३६,००० होतात. तेवढ्याला ही फियाट कोण घेणार?

लागवडीच्या पैशाला हात लावायचा नाही. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर हेच पैसे कामी येतात. म्हणजे गाडीसाठी सगळं मिळून २,००,०००.

आता ते आकडे. माझी पहिली शंका बॅटरीवर. फिटरने एक ते चार असं ओळीने मोजलं असेल, तर शेवटी स्टार्टर मंदावून काटा कमीच दाखवणार. बॅटरी चार्ज करा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि या वेळी चौथ्यापासून उलटं मोजा. प्रत्येकाला फेरे सारखेच.

तरीही तिसरा-चौथाच पडले, तर त्या दोघांत प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा चांगला चढला तर रिंगा-बोअर झिजलेत. चढला नाही तर व्हॉल्व किंवा पॅकिंग. शेजारचे दोन एकदम पडलेत, म्हणून माझा कल पॅकिंगकडे आहे. दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी जळली की असंच होतं. पण कल म्हणजे निदान नव्हे, आणि इथे फरक ६०,००० चा आहे.

२,००,००० मधून नोंदणीचे २०,००० आणि टायर, ब्रेक, विम्याचे २०,००० बाजूला काढा. पॅकिंग असेल तर गाडीला १,५०,००० द्या, रिंगा असतील तर ९०,०००. व्हॉल्व निघाले तर हेड उघडून फिटर खर्च सांगेल, तो १,६०,००० मधून वजा करा.

नात्यात भाव पाडायला जीभ रेटत नाही, हे मी जाणतो. म्हणून ऑइल टाकून मोजताना मामेसासऱ्यांना शेजारी उभं करा आणि काटा त्यांनाच वाचू द्या. तरी २,४०,००० वरच अडले, तर कळण्याची भाकरी अन् भरीत खाऊन एसटीने परत या.