‘टाटांची शिष्यवृत्ती’ म्हणजे नेमकी कोणती?

अर्जांचा हंगाम आला की या एका नावाखाली तीन निरनिराळ्या ट्रस्टांचे प्रश्न येतात. त्यांतले काही.

प्र. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टकडे अर्ज करू का?
उ. नको. लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे पती सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये हा ट्रस्ट काढला, तो रोगांवरच्या संशोधनासाठी. पीएच.डी. करणाऱ्या तुमच्या जीवरसायनातल्या मैत्रिणीला मात्र जरूर सांगा.

प्र. मेहेरबाईंच्याच नावाने मुलींना परदेशी शिक्षणासाठी मदत मिळते ना? मला डेटा सायन्स करायचंय.
उ. तो एज्युकेशन ट्रस्ट वेगळा, आणि त्याचा भर सामाजिक विषयांवर. तुमचा विषय बसेल असं वाटत नाही. ट्रस्टला ईमेल करून विचारा.

प्र. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट मुलींना देतात का?
उ. पहिल्यापासून. परदेशी उच्च शिक्षणासाठीची ही कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ साली सुरू झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत दोन बायका होत्या. त्यांतल्या एक कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर.

प्र. मुलगा एम.एस.ला चाललाय. एन्डॉवमेंटचे पैसे परत करावे लागत नाहीत, असं शेजारी म्हणतात.
उ. शेजाऱ्यांना कोणी सांगितलं? ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे. कर्ज फेडायचंच असतं, आणि त्यातूनच पुढच्या मुलांना पैसे मिळतात. परदेशात अभ्यास चांगला झाला तर गिफ्ट अवॉर्ड, म्हणजे बक्षिसाची रक्कम, मिळू शकतं, पण ते गृहीत धरून घरखर्चाचं गणित मांडू नका. कराराचा कागद घरी आणा. व्याज किती, पहिला हप्ता कधी, मुलाला नोकरी उशिरा लागली तर काय, जामीनदाराच्या गळ्यात नेमकं काय येतं, या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारा. जामीनदार म्हणून काकांची सही ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हणून घेऊ नका. त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवा. बँकेचंही कर्ज काढणार असाल तर दोन्ही हप्त्यांची बेरीज एखाद्या सी.ए.ला दाखवा आणि मगच सही करा.

प्र. एजंट पंधरा हजारांत ‘निवड पक्की’ म्हणतोय.
उ. एक रुपयाही देऊ नका. अर्ज ट्रस्टच्याच संकेतस्थळावर भरायचा असतो.

प्र. प्रवेशपत्र हातात आल्यावर अर्ज केला तर चालेल?
उ. तोवर मुदत संपलेली असू शकते. यंदाची सूचना आजच वाचा, शंका ट्रस्टच्या कार्यालयात विचारा आणि शिफारसपत्रासाठी सरांना या आठवड्यातच भेटा.