आधी करंट परत कुठून जातो ते बघ

अगं, तुझं स्किमॅटिक, लेआउटचे फोटो आणि रीडिंगची फाईल सगळं नीट बघितलं. वजन मोजणारा लोड सेल, त्यामागे 200 गेनचा (सिग्नल 200 पट करणारा) इन्स्ट्रुमेंटेशन अँप, मग व्होल्टेजचा आकडा करणारा 16 बिटचा एडीसी, मायक्रोकंट्रोलर आणि पॉवरला भराभर स्विच करून व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, कागदावर यात खोट काढावी असं फारसं काही नाही. तरी शेवटचे आकडे नाचतायत आणि तू विचारतेस की यापेक्षा भारी अँप कुठला टाकू. थांब जरा. अँप बदलून बोर्ड परत मागवशील, आणि आकडे तसेच नाचत राहतील, कारण माझ्या मते दुखणं अँपमध्ये नाहीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल ते.

आधी तू नक्की किती बारीक मोजायला निघाली आहेस ते आकड्यात बघू. लोड सेल व्होल्टला 2 मिलिव्होल्ट देतो, 5 व्होल्ट दिलेस म्हणजे फुल स्केलला फक्त 10 मिलिव्होल्ट. त्याला 200 ने गुणलं की 2 व्होल्ट. एडीसीचा रेफरन्स 2.5 व्होल्ट, म्हणजे एक काउंट (एडीसीची सर्वात लहान पायरी) साधारण 38 मायक्रोव्होल्टचा, आणि तोच लोड सेलच्या टोकाला बघितला तर जेमतेम 0.19 मायक्रोव्होल्ट. हा आकडा बोर्डच्या कडेला पेनाने लिहून ठेव, कारण इथून पुढे प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून बघायची आहे.

आता ग्राउंड. तू एजीएनडी (अ‍ॅनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) वेगळे केलेस, मधून प्लेन, म्हणजे ग्राउंडचा तांब्याचा थर, कापलंस आणि पार पॉवर कनेक्टरपाशी नेऊन फेराइट बीडने (उंच फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या पार्टने) जोडलंस. हे तुला कुणीतरी शिकवलं असणार, बरेच जण अजून असंच शिकवतात, आणि माझं मत विचारशील तर या एका सवयीने जितके बोर्ड वाया गेलेत तितके चुकीच्या अँपने गेले नसतील. एडीसीच्या पायावर डीजीएनडी लिहिलंय ते चिपच्या आतल्या डिजिटल भागाचं ग्राउंड आहे म्हणून, बाहेर तो पाय लांब कुठेतरी डिजिटल प्लेनला नेऊन जोड असं त्याचं म्हणणं नाही. दोन्ही पाय चिपच्या खालीच एकाच सलग प्लेनला जोड.

कापलेल्या प्लेनमध्ये काय होतं ते बघ. मायक्रो आणि एडीसी एकमेकांशी बोलतात त्या एसपीआयच्या क्लॉकची लाईन मायक्रोकडून निघते, त्या फटीवरून उडी मारून एडीसीला पोचते. करंट गेला तसा परत पण यायला हवा. काहीशे किलोहर्ट्झच्या वर गेलं की परतीचा करंट कमीत कमी इंडक्टन्सचा रस्ता पकडतो, म्हणजे ट्रॅकच्या बरोब्बर खालून प्लेनमधून येतो, पण खाली तर तू फट ठेवली आहेस, मग तो बिचारा पार कनेक्टरपर्यंत जाऊन, बीडमधून वळसा घालून परत येतो आणि तेवढा मोठा लूप म्हणजे तुझ्या अँपच्या इनपुटशेजारी ठेवलेला अँटेनाच झाला. फट बुजवून टाक. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल वेगळं ठेवायचं ते पार्ट्स कुठे बसवतेस त्यावरून, सुरी चालवून नाही.

सलग प्लेन टाकलं म्हणजे सगळं मिटलं असंही समजू नकोस हां. डीसी आणि हळू बदलणारा करंट ट्रॅकखालून वगैरे जात नाही, तो रेझिस्टन्स बघून पसरतो. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा एक चौकोन, मग तो लहान असो की मोठा, साधारण अर्धा मिलिओहम. तुझा 1 मिमी रुंद आणि 50 मिमी लांब ग्राउंडचा ट्रॅक म्हणजे 50 चौकोन, 25 मिलिओहम, त्यातून मायक्रोचे 40 मिलिअँप गेले की दोन टोकांत 1 मिलिव्होल्टचा फरक. तो फरक अँपच्या रेफरन्स पायाच्या ग्राउंडमध्ये आला तर 26 काउंट, आणि एलईडी लुकलुकला की तेवढे काउंट वर-खाली. तुझ्या फाईलमध्ये दर सेकंदाला एक पायरी दिसते ती कसली असावी असं वाटतं? मी पैज नाही लावत, पण एलईडी काढून एकदा बघच. अँपचा रेफरन्स पाय आणि एडीसीचं ग्राउंड एकाच जागी आण आणि जड करंट त्या भागाच्या खालून जाणार नाही अशा बाजूला पॉवर आत घे.

सिम्युलेशनमध्ये हे काहीच दिसलं नाही असं तू लिहिलंस. कसं दिसणार? स्पाइस हा सर्किट सिम्युलेशनचा प्रोग्रॅम 1970 च्या दशकात बर्कलीत तयार झालं तेव्हापासून त्यात नोड 0 म्हणजे ग्राउंड, आणि ते सगळीकडे अगदी सारखं, शून्य म्हणजे शून्यच. स्टॅबिलिटी, फिल्टर, बायस यासाठी सिम्युलेशन जरूर कर, मीही करतो, पण तुझ्या ज्या गोष्टीत घोटाळा आहे तीच त्यात धरलेली नसते.

दुसरी मोठी गोष्ट बक कन्व्हर्टरची. रीडिंगमध्ये कधी मधेच एक लाट येते, बोर्ड गरम झाला की तिचा वेग बदलतो, आणि 64 सॅम्पलची सरासरी घेतली तरी कधी जाते कधी जात नाही, हे तुझंच वर्णन. मला यात अलायझिंगचा, म्हणजे वेगवान सिग्नल विरळ सॅम्पलमुळे संथ होऊन दिसण्याचा, वास येतोय. तुझा बक साधारण 500 किलोहर्ट्झवर चालतो आणि तू सेकंदाला 10 हजार सॅम्पल घेतेस. समजा बक प्रत्यक्षात 498 वर चालतोय, तर 10 च्या पाढ्यातला जवळचा आकडा 500, फरक 2, म्हणजे त्याचा रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) तुला 2 किलोहर्ट्झचा सिग्नल म्हणून दिसणार. बकचा ऑसिलेटर तापला, 499.9 ला आला, की तोच रिपल 100 हर्ट्झचा होऊन बसतो, आणखी थोडा सरकला की इतका संथ होतो की तुला वाटावं वजनच हलतंय. एकदा असा दुमडून आत आला की सॉफ्टवेअरला तो खऱ्या सिग्नलपासून वेगळा ओळखता येत नाही, सरासरीत जेवढा मारला जाईल तेवढाच.

खात्री करायला सोपं आहे. सॅम्पल रेट 10,000 वरून 10,100 कर. लाट खरोखरच त्या फ्रिक्वेन्सीची असेल तर ती हर्ट्झमध्ये जिथल्या तिथे राहील, अलायझिंग असेल तर भलतीकडेच उडी मारेल. किंवा हेअर ड्रायरने फक्त बकवर गरम हवा मार आणि लाटेचा वेग बघत राहा. उपाय एडीसीच्या आधीच करावा लागतो. तुला वजनासाठी 10 हर्ट्झसुद्धा पुष्कळ झाले, मग बँडविड्थ 10 किलोहर्ट्झ कशाला उघडी ठेवली आहेस? 1 किलोहर्ट्झचा साधा एक पोलचा आरसी फिल्टर घातला तरी 500 किलोहर्ट्झवाला रिपल सुमारे 500 पट खाली जातो, आणि त्याहून खाली आणायला तुला भरपूर जागा आहे. फक्त तुझा एडीसी सार (SAR) प्रकारचा आहे, प्रत्येक सॅम्पलला तो आतला छोटा कपॅसिटर इनपुटला जोडतो आणि एक झटका देतो, तेव्हा फिल्टरचा कपॅसिटर त्या आतल्यापेक्षा खूप मोठा हवा आणि रेझिस्टर उगाच मोठा नको, नाहीतर पुढच्या सॅम्पलपर्यंत व्होल्टेज जागेवर येणार नाही. 16 बिटला अर्ध्या काउंटच्या आत यायला जवळजवळ 12 टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर एवढा वेळ) लागतात, लोक 5 धरतात आणि मग डेटाशीटला शिव्या घालतात.

बँडविड्थचं अजून एक. लोड सेलचा ब्रिज 350 ओहमचा, त्याचा स्वतःचा थर्मल नॉइज रूट हर्ट्झला साधारण 2.4 नॅनोव्होल्ट, 10 किलोहर्ट्झमध्ये तो 0.24 मायक्रोव्होल्ट होतो. वर लिहिलेला 0.19 आठवतोय ना, म्हणजे अँप अगदी आदर्श मिळाला तरी शेवटचा काउंट हलणारच, निसर्गनियमच आहे तो. 10 हर्ट्झवर आण, तोच नॉइज 8 नॅनोव्होल्टच्याही खाली. म्हणून भारी अँपचा विचार आत्ता नको म्हणालो.

लोड सेलला 5 व्होल्ट एका रेग्युलेटरमधून आणि एडीसीला रेफरन्स दुसऱ्या चिपमधून दिलास, त्यापेक्षा रेफरन्स त्याच 5 व्होल्टमधून चांगल्या मॅच्ड रेझिस्टरने विभागून घे. मग 5 चे 4.99 झाले तरी दोन्ही सारखेच हलतात आणि भागाकारात तो फरक निघून जातो.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात. डिकपलिंगचा, म्हणजे चिपच्या पॉवरचे झटके झेलणारा, 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर अँपपासून सेंटिमीटरभर लांब आहे, ट्रॅकचे साधारण 10 नॅनोहेन्री धर, 5 मेगाहर्ट्झला ते दोघं रेझोनेट होतात आणि त्यापुढे तो कपॅसिटर नावापुरताच, म्हणून पायाला चिकटवून ठेव आणि त्याची व्हाया (खालच्या थराला जोडणारं भोक) शेजारीच टाक. छोट्या साइजचा 10 मायक्रोफॅरडचा एक्स5आर सिरॅमिक कपॅसिटर 5 व्होल्टवर निम्म्याहूनही कमी उरू शकतो, उत्पादकाचा डीसी बायसचा ग्राफ बघितल्याशिवाय आकडा धरू नकोस. फिल्टरमध्ये मात्र सी0जी सिरॅमिक किंवा फिल्मच वापर, एक्स7आर सिरॅमिक पिझो असतो, म्हणजे धक्का बसला की स्वतःच व्होल्टेज देतो. विश्वास नसेल तर तुझ्या बोर्डवरच्या त्या कपॅसिटरवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने टकटक कर आणि रीडिंग बघ.

स्कोपच्या फोटोत बकच्या आउटपुटवर मोठं रिंगिंग दिसतंय आणि तू घाबरली आहेस, पण प्रोबची ती 15 सेंटिमीटरची क्रोकोडाइल क्लिपवाली ग्राउंड वायर पण दिसतेय. तिचे 150 नॅनोहेन्री आणि प्रोबचे 10 पिकोफॅरड मिळून 130 मेगाहर्ट्झच्या आसपास आपलं आपणच वाजतात. प्रोबचं टोक आणि त्याची ग्राउंड क्लिप दोन्ही बोर्डवरच्या एकाच ग्राउंड पॉइंटला लाव, जे काही स्क्रीनवर उरेल ते तुझ्या सर्किटमधलं नाही, प्रोबने उचललेलं आहे. मग ती वायर काढून स्प्रिंगवालं छोटं ग्राउंड लाव आणि परत मोज. ड्युअल अँपचा मोकळा अर्धा भाग तू तसाच सोडलास तोही फॉलोअर करून (आउटपुट त्याच्याच मायनस इनपुटला जोडून) मधल्या व्होल्टेजला बांध, तरंगता इनपुट मनाला येईल तसा स्विंग होतो.

आता नवा बोर्ड लगेच मागवू नकोस. लेआउट मोठ्या कागदावर प्रिंट कर, रंगीत पेन्सिलीने तीन करंटचे जायचे आणि यायचे रस्ते काढ: एसपीआय क्लॉकचा, बकच्या इनपुट कपॅसिटर आणि दोन स्विचमधून फिरणारा, आणि लोड सेलला जाणारा. काढताना जिथे पेन्सिल अडेल किंवा लांब वळसा घ्यावा लागेल तिथे खूण कर. मग आहे त्याच बोर्डवर अँपचे दोन्ही इनपुट एकत्र शॉर्ट करून मधल्या व्होल्टेजला बांध आणि 10,000 सॅम्पलचा हिस्टोग्राम घे. घंटेसारखा आकार आला तर नुसता नॉइज आहे, दोन शिखरं आली तर काहीतरी स्विच होतंय. मग तेच बकऐवजी बॅटरीवर, मग एलईडी बंद करून, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फाईलच्या नावात काय बदललंस ते लिही म्हणजे मला विचारत बसावं लागणार नाही. त्या फाईली आणि पेन्सिलवाला कागद पाठव, मग अँपचं बघू.